मागच्या सीटवरचं माणूस

"तुमच्या घरात सगळ्यात म्हातारं माणूस कोण हाय?"

आप्पांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या शेडसमोर क्रेनवाल्याने माझी निळी गाडी नुकतीच उतरवली होती. तिचं इंजिन बसलं होतं आणि तिच्यापेक्षा जास्त मी बसलो होतो. टर्बो कुठला, पेट्रोल कुठलं, गाडी किती चाललीय, असलं काहीतरी विचारतील म्हणून सगळी उत्तरं मी क्रेनमध्ये बसल्यापासून घोकत आलो होतो. घरातल्यांची वयं विचारतील हे काही माझ्या अभ्यासात नव्हतं.

"वडील आहेत," मी म्हणालो. "पण त्यांचा काय संबंध?"

"गाडी तयार झाली की त्यास्नी घिऊन यायचं. ते मागं बसणार, मी चालवणार. ते 'बरं हाय' म्हणल्याबिगार गाडी ह्या शेडच्या भायेर जात न्हाई. पटत आसंल तर ठेवा, न्हाईतर क्रेनवाला अजून चहाच पितोय तितं."

मी ठेवली. दुसरा इलाजच नव्हता, कारण इंजिनाची ती अवस्था मी स्वतःच्या हाताने केली होती. माझं सांगलीत विश्रामबागेत फ्लेक्स छापायचं दुकान आहे. दादांचे वाढदिवस, भाऊंच्या निवडी, कुणाच्या तरी कुत्र्याचाही वाढदिवस एकदा छापलाय. दिवसभर दुसऱ्यांची छाती फुगवून छापायची, मग आपलीही कधीतरी फुगावी असं माणसाला वाटणारच. म्हणून मी जुन्यात ती टर्बोची गाडी घेतली आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून तिची ताकद वाढवायला बसलो. एक बारीक रबरी नळी काढली, तिच्या तोंडात खिळा ठोकला आणि गाडी पळवली. काय पळाली! वर इंजिनातून असा खणखणीत आवाज यायला लागला, की तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात. मला वाटलं, ताकदीचा आवाज असाच असतो. मी तो रेकॉर्ड केला, मित्रांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'ऐका, वाघ जागा झाला.' तासवडेचा टोलनाका यायच्या आत वाघ कायमचा झोपला.

तो आवाज आप्पांनी माझ्या मोबाईलवर दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा डोळे मिटून.

"इंजिन बोंबलतंय," ते म्हणाले, "मेलो, मेलो म्हणून वरडतंय, आन तुमी फोन फुडं करून त्याची मुलाखत घेतासा?"

आप्पा उंचेपुरे, काळेसावळे, मिशी कापसासारखी. अंगात कायम पांढरा स्वच्छ शर्ट, पांढरी पँट, तीही कडक इस्त्रीची. हात काळे करायला शेडमध्ये दोन मेकॅनिक होते. आप्पा फक्त लॅपटॉप, स्टिअरिंग आणि चहाचा कप यांना हात लावत. गॅरेजमध्ये पांढरे कपडे कसे काय, असं कुणी विचारलं की म्हणत, "ऑपरेशन करणारा डॉक्टर काळं घालून येतो का?" मूळचे ते आटपाडीच्या पलीकडचे. घरी मेंढरं. त्यांनी डिप्लोमा केला, मस्कतला गेले आणि तिथल्या श्रीमंतांच्या गाड्यांना पंख लावण्यात अर्धं आयुष्य घालवून आले. परत येऊन साताऱ्यातच का थांबले, याचं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "हितं घाट हाय, गार हवा हाय, आन बायको मेढ्याची हाय. पुण्यात ह्यातलं एक तरी मिळंल का?"

नम्रता त्यांच्याकडे औषधालाही नव्हती. "ह्या दोन जिल्ह्यांत माझ्यासारखा दुसरा हाय का? न्हाई. मंग मी कशापायी लाजू?" हे ते इतक्या शांतपणे म्हणत, की समोरचा मान हलवून मोकळा होई. माझी गाडी सुधारल्यावर उपकार फेडावेत म्हणून मी त्यांना न विचारता एक भलामोठा फ्लेक्स छापला. वर 'बूस्टसम्राट', मध्ये आप्पांचा फोटो, खाली कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून मी, गॉगल लावून. भल्या सकाळी शेडवर टांगून मी बाजूला उभा राहिलो. वाटलं, आता चिडतील, फाडतील, किमान संकोचतील तरी. आप्पा आले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"फ्लेक्सवाले, माझा फोटू बारीक झालाय," ते म्हणाले. "आन खाली ह्यो कोण हाय? ह्याला काढा."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'फ्लेक्सवाले'च झालो. आठवड्यातून एकदा काहीतरी निमित्त काढून साताऱ्याला जायचो. फ्लेक्स उन्हाने उडालाय का बघायला, गाडीचा आवाज दाखवायला, खरं तर ऐकायला. कारण आप्पा बोलायला लागले की टर्बो ही वस्तू समजायला लागायची.

"इंजिनाचा धूर जो भायेर जातो न्हवं," ते सांगत, "त्याच्या जोरावर एक चाक फिरतं. ते चाक इंजिनात ज्यादा हवा कोंबतं. ज्यादा हवा, ज्यादा पेट्रोल, ज्यादा ताकद. ह्यो झाला बूस्ट. आता ही हवा म्हंजी मेंढरं समजा. वाड्याचं दार उघडलं की सगळी एकदम घुसत्यात, आन फुडची चार तुडवून मरत्यात. म्हणून शाणा मेंढका काय करतो? बाजूला एक फट ठेवतो. गर्दी झाली की थोडी तिकडनं जाऊ देतो. ती फट कवा उघडायची, किती उघडायची, ह्यालाच बूस्ट सांभाळणं म्हणत्यात. तुमी काय केलंसा? फटीत खिळा ठोकलासा!"

आणि ठिणगीचं गणित त्याहून नाजूक. पिस्टन वर पोचायच्या जरासं आधी प्लगची ठिणगी पडावी लागते. उशिरा पडली तर ताकद वाया. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या तोंडातच स्फोट, म्हणजे माझ्या लाह्या. जेवढा बूस्ट जास्त, तेवढी ठिणगी मागे घ्यावी लागते. आप्पा इंजिनाच्या अंगाला एक छोटा माइक बोल्टने कसत, त्याची वायर कानातल्या हेडफोनला जोडत, आणि पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर मेढ्याच्या बाजूला गाडी घेऊन जात. लॅपटॉप मेकॅनिकच्या मांडीवर. स्टिअरिंग मात्र आप्पांच्याच हातात. कुणाचीही गाडी असो, ते दुसऱ्या सीटवर बसत नसत. रिक्षात बसायची वेळ आली तर चालत जात. "दुसऱ्याच्या पायावर माझा इस्वास न्हाई," एवढंच कारण देत. चढावर गाडी गुरगुरत असताना एकदम म्हणत, "टक्! आली. तिसऱ्या गिअरात, चार हजार फेऱ्याला. एक डिग्री मागं घे." मेकॅनिक बटणं दाबी. मला तर तोवर फक्त वारा ऐकू आलेला असे.

हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलवर लोक बोटं मोडतात, आप्पा खूश होते. त्याने ठिणगी जरा पुढे ठेवता येते, लाह्या फुटत नाहीत म्हणून. "ऊसवाल्यांनी सगळं पाणी पिऊन टाकलं," हा दुष्काळी भागातला माणूस म्हणे, "पर एक काम माझ्या उपेगाचं केलं बघा."

पण हे सगळं झाल्यावर शेवटची परीक्षा मागच्या सीटवर. माझ्या वडिलांची बारी आली तेव्हा ते घरून कुरकुरतच निघाले होते. मागे बसल्यावर मात्र असे ताठ झाले की जणू न्यायाधीश. आप्पांनी गाडी दुसऱ्यात पळवली, वडील म्हणाले, "मानेला बसतोय हिसका. जरा कमी करा." आप्पांनी कमी केला. "हां. अजून थोडा. कानाजवळ थोडा." न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखं चाललं होतं त्यांचं. आणि गंमत म्हणजे आप्पा त्यांचा प्रत्येक शब्द बूस्टच्या आकड्यात मांडत होते. गाडी तितकीच वेगात जायची, पण ताकद धक्का देऊन नाही, हात धरून यायची.

"ताकद बाजारात मिळती," आप्पा म्हणाले. "ती कवा द्यायची आन किती सबुरीनं, ते माझ्याकडं मिळतं."

एकदा कराडकडचा एक तरणा गडी आला. म्हणाला, घरात वडीलधारं कुणी उरलं नाही. आप्पा म्हणाले, "मंग गावातलं आणा." त्याने सरपंच आणला. सरपंच मागच्या सीटवर बसून दोन्ही बाजूच्या लोकांना नमस्कार करत गेला. आप्पांनी तोही धरला.

हा नियम कुठून आला, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, विक्षिप्तपणा आहे, थोर माणसांना असतोच. शेडच्या कोपऱ्यात एक करडी, लांबलचक जुनी गाडी ताडपत्रीखाली असायची. आप्पा तिच्यावर वर्षानुवर्षं काम करत होते. पोरांमध्ये बोलवा अशी, की ती सहाशे घोड्यांची आहे आणि आप्पा एक दिवस ती कुठल्या तरी शर्यतीत उतरवून भल्याभल्यांचं नाक कापणार. मीही तसंच समजत होतो. एका दुपारी चहा पिताना मी विचारलंच, "आप्पा, ही कुठं पळवणार?"

"आटपाडीवरनं साताऱ्याला," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यांची आई वस्तीवर एकटी राहत होती. तिला गाडी लागायची. साधीसुधी नाही, एसटीचा वास आला तरी तोंडाला पदर. जन्मभर मेंढरांमागे चाललेली बाई, पाय जमिनीवरून सुटले की पोट उलटायचं. आप्पांच्या लग्नालासुद्धा ती चार-पाच दिवस आधीच चालत निघाली होती. मुलाचं साताऱ्यातलं घर तिने बघितलं नव्हतं, शेड बघितली नव्हती. सुनेशी बोलणं फोनवर. इतकी वर्षं चाललं, पण आता डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं. गेल्या महिन्यात ओढ्यात पाय घसरून पडली, मनगट मोडलं, आणि शेजारची वस्ती येईपर्यंत तशीच पडून राहिली.

"पुन्हा पडली तर?" आप्पा म्हणाले. कप त्यांनी खाली ठेवला. "मी म्हणलं, आये, चल माझ्याकडं. म्हणती, पाऊस संपला की येते चालत. चालत! तिला फुडचा दगड दिसंना, आन साताऱ्याला येती चालत."

करड्या गाडीत शर्यत नव्हतीच. डॅशबोर्डखाली एक बटण होतं, गोल फिरणारं. एका बाजूला गाडीची सगळी ताकद. दुसऱ्या बाजूला आप्पांनी कित्येक रात्री, कित्येक घाट घालून बनवलेलं सेटिंग: बूस्ट लोण्यासारखा यावा, गिअर पडलेला कळू नये, पोटातलं पाणी हलू नये. आमच्या सगळ्यांचे आजी-आजोबा, माझे वडील, तो सरपंच, ही सगळी त्या एका म्हातारीची रंगीत तालीम होती.

"फ्लेक्सवाले, रविवारी आणायला चाललोय. तुमी बी चला."

"मी? मी कशाला?"

"परक्या माणसाम्होरं उलटी करायला तिला लाज वाटल. दाबून धरल."

इतक्या मानाने मला आजवर कुणी कुठे नेलेलं नाही.

जाताना कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी करत आप्पांनी मला मागच्या सीटवर आई म्हणून बसवलं होतं. दर वळणाला विचारत, "आता कसं वाटतंय?" मी म्हणायचो, "मस्त." ते चिडायचे: "आई म्हणून सांगा की! तुमी कशाला मस्त?" मग मी पदर सावरल्यासारखा हात करून म्हणायचो, "बरं हाय रं लेकरा." मेकॅनिकने बघितलं असतं तर मी सातारा कायमचा सोडला असता.

वस्तीवर आजी अंगणातच उभ्या होत्या. हिरवं लुगडं, काठीसारखा देह, हातात तशीच काठी, दुसरा हात प्लास्टरमध्ये. गाडीभोवती एक चक्कर मारली, हाताने चाचपली.

"ह्यात मेंढरं किती बसत्याली?" त्यांनी विचारलं.

"आये, मेंढरं न्हाई. तू बसायचं," आप्पा म्हणाले. हा माणूस, दोन जिल्ह्यांत कुणापुढे न लाजणारा, आईसमोर शाळेतल्या पोरासारखा दोन्ही हात मागे बांधून उभा होता.

आजींनी माझ्याकडे बघितलं. नुसतं "पाव्हणं घिऊन आलायस व्हय रं" म्हणाल्या, आणि बसल्या. आप्पांचा हिशेब बरोबर निघाला.

फार वेळ मात्र नाही. गाडी खरंच लोण्यासारखी चालली होती, पण आप्पांचे डोळे रस्त्यापेक्षा आरशात जास्त होते. "आये, बरं हाय न्हवं?" पाचोळा हलला की "आये, काच खाली करू?" एखादा खड्डा आला की "आये, लागला न्हाई न्हवं?" आजी आधी "व्हय" म्हणत होत्या, मग नुसती मान हलवू लागल्या, मग तीही थांबली. दिघंची मागे टाकली आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

"थांबीव."

आप्पांनी गाडी बाजूला घेतली. आजी उतरल्या, रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. परका पाहुणा आणि लाज दोन्ही कुठल्या कुठे गेली.

"मी माघारी जाते," तोंड पुसून त्या म्हणाल्या. "माझं मला जमतंय."

आप्पा गाडीला टेकून उभे राहिले. पांढरा शर्ट तसाच कडक, आतला माणूस मात्र चुरगळला होता. एवढ्या वर्षांचं काम त्या दगडापाशी संपत होतं. आज माघारी गेल्या की त्या पुन्हा कधी बसणार नाहीत, हे मलाही कळत होतं, आणि ओढ्यातला तो घसरडा दगड काही कुठे जाणार नव्हता.

आजींनी त्यांच्याकडे बघितलं. 

"तूच मला आजारी पाडतुयास," त्या म्हणाल्या. "सारखं आपलं बरं हाय का, बरं हाय का. चांगल्या माणसाला इचारलं तरी त्याला कळ लागंल. तुला बघायचंच आसंल तर हितं माझ्याजवळ बसून बघ. ह्या पाव्हण्याला हाकू दे."

आप्पा म्हणजे दुसऱ्या सीटवर कधी न बसणारा माणूस. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी माझ्या दुकानातल्या उंदराकडे बघतो. पण किल्ली दिली. "तीन हजाराच्या वर काटा जाऊ द्यायचा न्हाई," ते दातात म्हणाले. "पाय अंड्यावर ठेवल्यागत ठेवायचा. आन बटनाला हात लावायचा न्हाई. नुसतं बघायचं बी न्हाई त्याच्याकडं."

हे शेवटचं ते बोलले नसते, तर मी कदाचित बघितलंही नसतं.

म्हसवड ओलांडल्यावर रस्ता सरळ होता, रिकामा, दोन्ही बाजूला माळ. आजी डोळे मिटून बसल्या होत्या. आप्पा चक्क गप्प होते. सहाशे घोडे माझ्या पायाखाली, आणि त्यातले निम्मे बांधून घातलेले! मी मनात म्हटलं, एकदाच. एक क्षण. बटण फिरवलं आणि पाय दाबला.

माझी पाठ सीटमध्ये रुतली. रस्ता अंगावर आला. मी घाबरून पाय उचलला, तर गाडीने नंदीबैलासारखी मान टाकली. पुन्हा दाबला, पुन्हा मान. तेवढ्यात वळण आलं, ब्रेक दाबला, पुन्हा मान. मोठी हवा सुटल्याचा 'फुस्स' आवाज झाला, तो गाडीचा होता की माझा, कुणास ठाऊक.

"फ्लेक्सवाले," मागून आवाज आला.

मी मान खांद्यात घातली. आता साताऱ्यापर्यंत शिव्या.

"फ्लेक्सवाले... बाजूला घ्या."

आरशात बघितलं. आजी ठणठणीत, खिडकीबाहेर बघत होत्या. आप्पांचा चेहरा मात्र राखुंडीच्या रंगाचा झाला होता. गाडी पुरती थांबायच्या आत ते दार उघडून बाभळीकडे पळाले आणि वाकले.

माझ्या आधी आजी उतरल्या. काठी गाडीतच राहिली. धड असलेल्या हाताने त्यांनी मुलाचं कपाळ धरलं. "हळू, हळू. येऊ दे सगळं भायेर. झालं, झालं." मग एकदम चकित होऊन: "तुला बी गाडी लागती व्हय रं? ल्हानपनी कवा सांगितलं न्हाईस?"

"ल्हानपनी," आप्पा धापा टाकत म्हणाले, "गाडी हुती कुठं, आये?"

जन्मभर स्टिअरिंग धरलेल्या माणसाला कळणार कसं? पाय आपला, वळण आपलं, तेव्हा पोट निमूट असतं. दोन जिल्ह्यांतल्या म्हाताऱ्यांना ज्या सीटवर बसवलं, तिथे ते स्वतः आज पहिल्यांदा बसले होते. आणि त्यांच्या आईची ती देणगी त्यांच्यासाठी तिथेच दबा धरून बसली होती.

आजींनी कमरेच्या चंचीतून सुंठीचा तुकडा काढून त्यांच्या तोंडात सारला. गाडीत बसल्या, त्यांचं डोकं ओढून मांडीवर घेतलं. माझ्या पाठीत काठी टोचली.

"पाव्हणं, सावकाश हाका. पोरगं नाजूक हाय."

मी बटण मुकाट्याने मागे फिरवलं. पोरगं पंचावन्नचं होतं आणि त्याच्या मिशा पांढऱ्या होत्या. साताऱ्यापर्यंत आजींनी एकदाही पदर तोंडाला लावला नाही. त्यांना सवडच नव्हती. एक हात मुलाच्या कपाळावर, दुसरा प्लास्टरातला हात वाऱ्याला आडवा, आणि डोळे माझ्या मानेवर.

दुसऱ्या दिवशी आजी शेडमध्ये खुर्ची टाकून बसल्या. गाड्या घेऊन आलेली पोरं पाया पडत होती. त्यातल्या एकाने विचारलं, "आजी, प्रवासाचा त्रास झाला का?"

"मला कसला तरास?" आजी म्हणाल्या. "मला येयाचंच न्हवतं. पर ह्येला गाडी लागती. एकटा कसा आला आसता? म्हणून आले संगं."

दोन्ही मेकॅनिकांनी हातातल्या पाने-पकडी खाली ठेवल्या. बूस्टसम्राटाच्या फ्लेक्सखाली बूस्टसम्राट उभे होते. मी मनात कान झाकून घेतले. आप्पांनी आईकडे बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. 'माझ्यासारखा दुसरा न्हाई' म्हणताना लागायचा तोच आवाज. "लागती मला गाडी. लय लागती."

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बटन फिरवलंसा ते मला कळलं. तुमच्याइतका नालायक डायवर दोन जिल्ह्यांत शोधून मिळायचा न्हाई. दिवाळी झाली की तिला जत्रेला घिऊन जायचंय. मोकळं राहा."

गेलो. बटण त्यांनी काढून टाकलं होतं. तिथे नुसतं भोक होतं, माझ्याकडे बघणारं. आप्पा न सांगता मागे बसले. पुसेगावपर्यंत मी इतकी अलगद गाडी नेली की मलाच माझा अभिमान वाटला. आरशात आप्पा चांगले टवटवीत दिसत होते, बाहेरच्या बैलाला नावं ठेवत होते. आजीच जरा गप्प झाल्या होत्या. त्यांची बोटं पदराशी चाळवायला लागली. पदर वर निघाला.

"आये," आप्पा झटक्यात म्हणाले, "मला कसंतरीच हुतंय."

आजींचा पदर जागच्या जागी थांबला. पाठ ताठ झाली. "आलंच का? म्हणत हुते मी," त्या म्हणाल्या. "ये. डोकं ठेव हितं. मी हाय न्हवं."

ते एवढं मोठं धूड सीटवर आडवं झालं. आप्पांनी डोळे मिटले, कण्हलेसुद्धा. आजी त्यांचं कपाळ चेपत माझ्या मानेकडे रोखून बघायला लागल्या. मी घाबरून जरा पाय दाबला, इंजिनाचा सूर किंचित चढला, आणि आरशात मला दिसलं: आजीच्या पदराआडून आप्पांचं एक बोट वर आलं आणि हळूच, दोनदा, खाली हललं. एक डिग्री मागं घ्या.